काल-आज-उद्या की हिरवा चाफा? आधी माती बघा

सांगलीत विश्रामबागेला आमच्या वन्संचं नवं घर झालं. बैठकीच्या खिडकीसमोर आठ बाय दहा फुटांचा तुकडा उरलाय. तिथे त्यांना "जास्वंद-कण्हेर नको, गल्लीत कुणाकडे नसेल असं काहीतरी" लावायचंय. मनात दोनच झाडं आहेत. एक माझ्या साताऱ्याच्या दारातलं जांभळ्या-पांढऱ्या फुलांचं झुडूप, दुसरा वाईच्या जुन्या घराच्या परसातला हिरवा चाफा. गेल्या महिन्यात फोनवर म्हणाल्या, "वहिनी, कुठलं लावू ते एकदाचं सांगा, खड्डा खणून ठेवलाय."

खड्डा खणला तिथेच घोटाळा झाला, पण ते पुढे सांगते.

माझ्या दारातलं झुडूप म्हणजे ब्रुनफेल्सिया. नर्सरीत ‘येस्टरडे-टुडे-टुमॉरो’ म्हणून मागायचं, आम्ही घरात काल-आज-उद्या म्हणतो. मूळचं ब्राझीलचं. फूल उमलतं तेव्हा गडद जांभळं असतं, दुसऱ्या दिवशी फिकट होतं आणि तिसऱ्या दिवशी पांढरंफेक. त्यामुळे एकाच फांदीवर तीन रंग दिसतात, आणि आलेला पाहुणा हमखास विचारतो की कलम केलंय का. कुळ वांग्याचं आणि रातराणीचं, वास मात्र सौम्य. माझ्याकडे मुख्य बहर फेब्रुवारी-मार्चात येतो आणि पावसाळ्यात थोडी फुलं तुरळक येत राहतात. वाढ अतिशय सावकाश. सात वर्षांत माझं झाड जेमतेम माझ्या खांद्याला लागलंय. लहान जागेसाठी हा गुणच समजा.

हिरव्या चाफ्याला चाफा म्हणतात, पण खऱ्या चाफ्याशी त्याचं नातं लांबचं. तो सीताफळाच्या कुळातला. झुडूप म्हणून लावला तरी त्याच्या मनात वेल व्हायचं असतं. फुलाचा देठ आकडीसारखा वळलेला असतो आणि त्या आकडीनेच तो शेजारच्या फांदीला धरून वर चढतो. फुलाला सहा जाड, चामड्यासारख्या पाकळ्या, तीन-तीनच्या दोन फेऱ्यांत. कोवळं फूल पानाच्याच रंगाचं असतं आणि तेव्हा त्याला फारसा वास नसतो. पिवळं पडायला लागलं की पिकल्या फळासारखा असा घमघमाट सुटतो की अख्खं परस दरवळतं. वाईला सासूबाई संध्याकाळी झाडाखाली उभ्या राहून आधी नुसता वास घ्यायच्या, मग नेमक्या फांदीत हात घालायच्या. फूल डोळ्याला दिसायचंच नाही. एक पाण्याच्या वाटीत, एक पातळांच्या ट्रंकेत.

म्हणजे एक झाड बघायचं, दुसरं शोधायचं. खिडकीतून दिसायला हवं असेल तर काल-आज-उद्या, असा सरळ निकाल मी फोनवरच देऊन टाकला असता. पण आठवलं, तीन वर्षांपूर्वी वन्संच्या आधीच्या घरी मीच याचं रोप पाठवलं होतं. दीड वर्षात त्याची पानं पिवळी पडली. शिरा हिरव्या आणि मधला भाग लिंबासारखा पिवळा. त्यांनी शेणखत वाढवलं, पाणी वाढवलं. झाड आणखी पिवळं झालं आणि मेलं.

दोष वन्संचा नव्हता. या झाडाला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच) साधारण साडेपाच ते साडेसहा. सांगलीची काळी माती बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर, त्यात चुनखडीचे खडे, आणि बोअरचं पाणी जड. अशा मातीत लोह भरपूर असलं तरी मुळांना ते उचलता येत नाही. ताटात वाढलेलं आहे पण हात बांधलेत, असा प्रकार. आमच्याकडे गोडोलीला, डोंगराच्या पायथ्याशी, तांबूस मुरमाड जमीन आहे. पाणी पडलं की निथळून जातं, म्हणून माझं झाड मजेत आहे. त्यात माझं कौशल्य काडीचंही नाही.

घरच्या घरी तपासायचं असेल तर वीतभर खोलीवरची मूठभर माती वाळवून बशीत घ्या आणि वर व्हिनेगर टाका. फसफसली तर तिच्यात चुना आहे, आणि काल-आज-उद्या त्या जमिनीत लावायचं नाही. वन्संनी केलं. "सोड्यासारखी फसफसली हो," म्हणाल्या.

आता तो खड्डा. दोन बाय दोनचा खड्डा खणायचा, त्यात लाल माती आणि पालापाचोळ्याचं खत भरायचं, असं सगळेच सांगतात. काळ्या मातीत असा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेली घागर. पावसाचं पाणी आत जातं, खालची चिकण माती ते जिरू देत नाही आणि मुळं कुजतात. त्यातून वाचलं तरी दोन-तीन वर्षांत मुळं लाल मातीच्या बाहेर पोचतात आणि पुन्हा तोच पिवळेपणा. काळ्या जमिनीत कुठलंही नाजूक झाड लावायचं तर खाली न जाता वर यावं, म्हणजे दीड फूट उंचीचा विटांचा वाफा बांधावा. नाहीतर सरळ सोळा इंची कुंडी.

कुंडीत काल-आज-उद्या सांगलीतही जमतं. लाल माती, पालापाचोळ्याचं खत आणि थोडी जाड वाळू. सकाळचं ऊन, दुपारी सावली. पाणी बोअरचं नको. कुंडीच्या कडेला पांढरा थर दिसायला लागला की समजायचं, पाणी जड आहे. पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम, आणि एसीच्या नळीतून ठिबकणारं पाणीही चालतं, त्यात क्षार जवळजवळ नसतात. पानं पिवळी पडलीच तर हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचा क्षार) लिटरला पाच ग्रॅम या प्रमाणात संध्याकाळी पानांवर फवारा, पण आधी एका फांदीवर बघून. चुनखडीच्या मातीत हिराकस नुसता टाकून उपयोग नाही, तो तिथेच अडकून बसतो. आणि छाटणी बहर संपल्या संपल्या करायची. दिवाळीनंतर कात्री लावलीत तर येणाऱ्या कळ्याच कापल्या जातील.

कुंडीचा आणखी एक फायदा सांगलीकरांना सांगायला नको. २०१९ आणि २०२१ ला कृष्णेचं पाणी ज्यांच्या गल्लीत शिरलं, त्यांना गच्चीवर उचलून नेता येणाऱ्या झाडाची किंमत कळते.

हिरव्या चाफ्याचे असले नखरे नाहीत. काळ्या मातीत, पाण्याचा निचरा होत असेल तर, तो रुजतो. त्याच्या अडचणी वेगळ्या. पहिली जागेची. कमान किंवा मांडव दिला नाही तर तो जवळच्या आंब्यावर चढेल. वर्षातून एकदा निर्दयपणे छाटला तर झुडूप राहतो. दुसरी धीराची. बियांचं रोप उगवायलाच महिने घेतं आणि फुलायला वर्षं, म्हणून गुटीचंच, म्हणजे झाडाच्या फांदीलाच मुळं फोडून केलेलं, घ्यावं. तिसरी फसवणुकीची. मी एकदा हौसेने हिरवा चाफा म्हणून आणलेलं रोप तीन वर्षांनी फुललं, तेव्हा पाकळ्या लांब, पातळ, पिळवटलेल्या आणि खाली लोंबणाऱ्या निघाल्या. ते होतं बुटकं इलँग-इलँग. वास छान, झाड वेगळं. तेव्हा रोप घेताना आकडी दाखवा म्हणावं, निदान मातृवृक्षावरची.

त्याच्या वासाला साप येतात म्हणतात. साप उंदीर-बेडकांच्या मागे येतो, त्याला अत्तराचं काय? पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर मात्र थांबा. त्या बहुधा टेल्ड जे फुलपाखराच्या असतात. औषध मारू नका, चार पानं गेली तरी चाफ्याला फरक पडत नाही.

एक गोष्ट मात्र तराजू एकदम झुकवते. काल-आज-उद्या विषारी आहे, फळं आणि बिया तर जास्तच, आणि कुत्र्यांना त्याची बाधा जिवावर बेतू शकते. वन्संच्या घरी मोती आहे आणि तो बागेतलं काहीही चघळतो.

शेजारच्या काकांनी तिसरा पर्याय सुचवला, कासच्या वाटेवरून कारवी उपटून आणायचा. आणू नये. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, आणि कारवी सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. खिडकीसमोर तेवढी वर्षं नुसता पाला बघणार का? रानातलंच हवं असेल तर रोपवाटिकेतून धायटी घ्या. आसवात घालतात ती धायटीची फुलं हीच. मुरमात, उतारावर, कमी पाण्यावर वाढते, उन्हाळ्याच्या तोंडाला लालभडक फुलते आणि शिंजीर पक्षी येतात. साताऱ्याच्या माळावर घर असेल तर मी हिला दोन्हींच्या आधी लावीन.

वन्संना सांगितलं, खड्डा अर्धा बुजवा, वर वाफा बांधा आणि लोखंडी कमान करून घ्या. जमिनीत हिरवा चाफा. काल-आज-उद्याची कुंडी हवीच असेल तर वरच्या गॅलरीत, मोतीला जिना चढता येत नाही तिथे. पाऊस लागला की वाईच्या झाडाला तीन गुट्या बांधणार आहे, एखादी फुकट जातेच. दसऱ्यापर्यंत मुळं सुटली की भाऊजी गाडी घेऊन येतील.