ब्रेकच्या क्यूसाठी मेपलचा शाफ्ट: पुण्यात करून घेतलेल्या कामाचा अभिप्राय

पूलच्या डावातला पहिला जोरदार फटका, म्हणजे ब्रेक, मारण्याच्या माझ्या क्यूचा (खेळायच्या काठीचा) जुना शाफ्ट, म्हणजे पुढचा निमुळता भाग, दोन पावसाळ्यांत इतका वाकला की टेबलावर लोळवला असता त्याचे टोक उड्या मारू लागले. म्हणून नवा शाफ्ट पुण्यातच, क्यूची कामे करणाऱ्या एका कातारी कारागिराकडून करून घेतला.

जाताना मी भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून शिसवाचा एक दांडा मोठ्या हौसेने सोबत नेला होता. ब्रेकला जोर लागतो, तेव्हा लाकूड जितके जड आणि कठीण तितके उत्तम, असा माझा साधा हिशेब होता. कारागिराने दांडा हातात तोलला आणि ‘बटाला वापरू’, म्हणजे क्यूच्या मागच्या जाड भागाला, असे म्हणून बाजूला ठेवला. शाफ्टच्या टोकाकडचे वजन वाढले की फटका मध्यापासून किंचित सरकला तरी पांढरा चेंडू अपेक्षित रेषेपासून अधिक ढळतो, आणि ब्रेकच्या वेळी संपूर्ण अंग झोकून देताना फटका नेमका मध्यावर बसण्याची खात्री तशीही कमीच असते, हे त्यांचे म्हणणे मला पटले. सागवान हवापाण्याला टिकते खरे, पण या कामासाठी ते मेपलपेक्षा मऊ. स्नूकरच्या क्यूला शोभणाऱ्या ॲशची छिद्रे मोठी असतात. मेपलची छिद्रे बारीक असल्याने शाफ्ट बोटांवरून अधिक गुळगुळीत सरकतो. शेवटी हार्ड मेपलच ठरले.

खरी निवड त्यानंतर सुरू झाली. त्यांच्याकडच्या सहा चौकोनी दांड्यांपैकी चार त्यांनी केवळ लाकडातल्या रेषा पाहून नाकारले, कारण सुमारे 29 इंच लांबीच्या शाफ्टमध्ये रेषा एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत न जाता मध्येच कडेला बाहेर पडत असेल, तर जोराच्या फटक्यात लाकूड नेमके तिथेच चिरण्याची भीती असते. उरलेल्या दोनांपैकी पांढराशुभ्र दांडा मला आवडला होता. त्यांनी मात्र तपकिरी डाग असलेला, पण अधिक दाट रेषांचा आणि ठोकल्यावर खणखणीत वाजणारा दांडा उचलला. डाग फक्त डोळ्यांना खुपतो, असे ते म्हणाले. (मला तो अजूनही खुपतो.)

दांडा एकदम न कातता थोडा कातायचा, काही आठवडे टांगून ठेवायचा आणि वाकला तर पुढच्या कातणीत सरळ करायचा, या पद्धतीमुळे कामाला चार महिने लागले. टोक 13 मिलिमीटरचे असून त्यावर फेनॉलिकची, म्हणजे कडक रेझिनची, टिप आहे. ब्रेकचा आवाज आता कोरडा आणि टणक येतो, आणि पांढरा चेंडू पूर्वीपेक्षा अधिक वेळा टेबलाच्या मध्यावर थांबतो.

तक्रारी दोन आहेत. सांगितलेल्या तारखेपेक्षा शाफ्ट सहा आठवडे उशिरा मिळाला आणि त्या काळात एकदाही स्वतःहून निरोप आला नाही. दुसरे म्हणजे, वरचे लॅकर जुलैच्या दमट हवेत बोटांना चिकटू लागले, तेव्हा मला ते बारीक पॉलिश पेपरने स्वतः उतरवावे लागले. काम देताना शाफ्टच्या पुढच्या अर्ध्या भागावर लॅकर नको, असे आधीच सांगावे. पावसाळा संपल्यावर शाफ्ट पुन्हा टेबलावर लोळवून पाहिला, तेव्हा त्याखालून उजेडाची फट कुठेच दिसली नाही.