गच्ची गळतेय: कोटिंग स्वतः मारायचं की कोबा घालून घ्यायचा?

संध्याकाळी ऊन उतरल्यावर तीन-चार बादल्या पाणी गच्चीवर ओता आणि तासाभराने परत जाऊन बघा. पाणी पावसाच्या पाइपाकडे वाहून गेलं असेल, तर हे काम बहुधा तुमच्या हातचं आहे. मधेच तळं साचलं असेल, तर रंगाच्या दुकानात जायची घाई करू नका.

अॅक्रिलिक कोटिंग वाहून जाणारं पाणी छान अडवतं, पण साचलेल्या पाण्याखाली दिवसचे दिवस राहिलं की मऊ पडतं, फुगतं, पापुद्रे सुटतात. डब्यावर किती वर्षांची हमी छापली आहे, याने यात फरक पडत नाही. ब्रिकबॅट कोब्यात उतारच नव्याने बांधला जातो. सिमेंटच्या मालात विटांचे तुकडे बसवून पाइपाच्या दिशेने साधारण शंभरास एक, म्हणजे तीन मीटरला तीन सेंटीमीटर, असा उतार काढतात आणि वर चौकोनी रेघा ओढलेला सिमेंटचा थर देतात. हे गवंड्याचं काम आहे. व्हिडिओ बघून करायला जाऊ नका.

मग सरळ कोबाच का नको? वजनामुळे. चार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला जवळपास 200 किलो भरतं. जुन्या कोब्यावर दुसरा कोबा चढवायला तयार असणारे ठेकेदार भेटतील, त्यांना नाही म्हणा. जुना फोडून काढायचा किंवा त्याच्यावर कोटिंग करायचं, हे दोनच पर्याय. शिवाय कोब्याला पैसे कितीतरी जास्त लागतात, घरात धूळ होते आणि सिमेंट मुरेपर्यंत गच्ची अडकते. मात्र नीट केलेला कोबा बरीच वर्षं पुन्हा बघावा लागत नाही. कोटिंग तीन ते पाच वर्षांनी परत मारायची तयारी ठेवावी लागते.

स्वतः करणार असाल तर ब्रशचं काम सगळ्यात सोपं. खरी मेहनत त्याआधीची: शेवाळ तारेच्या ब्रशने खरवडायचं, गच्ची धुऊन पूर्ण वाळू द्यायची, भेगा छिन्नीने इंग्रजी व्ही आकारात रुंद करून पॉलिमर मिसळलेल्या मालाने भरायच्या. कठड्याच्या तळाशी, जिथे भिंत आणि स्लॅब मिळतात, तिथला वाटा (कोपऱ्यात दिलेली सिमेंटची गोलाई) फुटलेला असेल तर तो आधी दुरुस्त करा आणि कोटिंगमध्ये फायबरची जाळी दाबून बसवा. पाइपाच्या तोंडाभोवतीही तेच. गळती बहुतेक वेळा याच दोन जागांवरून होते आणि घाईत नेमक्या याच राहून जातात. पहिला हात पातळ करून, पुढचे दोन एकमेकांना आडवे-उभे. भर दुपारी तापलेल्या स्लॅबवर मारू नका, थर चिकटायच्या आत सुकतो. पहिला वळीव यायच्या आत हे आटपायला हवं, म्हणजे एप्रिलच बरा.

डांबराचे पट्टे एखादा पावसाळा ढकलायला ठीक आहेत. पत्र्याची शेड हा तिसरा मार्ग, पण बऱ्याच शहरांत त्याला पालिकेची परवानगी लागते.

उन्हाळ्यातही डाग ओला राहत असेल तर गच्चीला दोष देऊ नका. टाकीचा ओव्हरफ्लो किंवा पाण्याची लाइन तपासा. छताच्या प्लास्टरचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या दिसत असतील तर कोटिंग नको आणि कोबाही नको, आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा.

तुम्ही सोसायटीत सर्वांत वरच्या मजल्यावर राहत असाल तर डबा विकत घेण्याआधी सचिवांना लेखी अर्ज द्या. महाराष्ट्रातल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीतून होणारी पावसाची गळती आणि त्यामुळे खराब झालेलं तुमचं छत, दोन्हींची दुरुस्ती संस्थेने करायची असते. स्वखर्चाने केलेली डागडुजी परत मिळवताना बैठका संपत नाहीत.

आणि कोबाच ठरला, तर त्यावर आठवडाभर पाणी कोंडून ठेवायला लावा. सिमेंटही मुरतं आणि खाली थेंब येतोय का तेही कळतं. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता त्यानंतर द्या.