एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

घरचा कॉम्प्युटर रडतखडत चालायचा म्हणून हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली आणि विंडोज नव्याने टाकली. आई शिकवण्या घेते. फीचा हिशेब ती एका छोट्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये ठेवते. त्याची सीडी कधीच हरवलीये, म्हणून जुन्या डिस्कवरचं अख्खं फोल्डर तसंच उचलून नव्या डिस्कवर ठेवलं. उघडायला गेलो तर खिडकी आली: एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही, प्रोग्रॅम पुन्हा इन्स्टॉल करून बघा. करणार कुठून? (डीएलएल म्हणजे अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशी तयार कोडची फाइल.)

मग मी तेच केलं जे सगळे करतात. सुटी डीएलएल फाइल देणाऱ्या एका साइटवरून ती उतरवली आणि सिस्टम३२ मध्ये टाकली. फरक शून्य. तीच फाइल बिलिंगच्या फोल्डरमध्ये टाकल्यावर एरर बदलली, 0एक्ससी०००००७बी! तेव्हा मला ती प्रगती वाटली. खरं तर सॉफ्टवेअर ३२ बिटचं आणि आणलेली फाइल ६४ बिटची होती, आणि दोन्ही एकत्र चालत नाहीत. आणि गंमत अशी की ६४ बिट विंडोजमध्ये सिस्टम३२ या फोल्डरात ६४ बिटच्या फाइल्स असतात, ३२ बिटच्या सिसवाव६४ मध्ये. नावं कुणी ठेवली त्यालाच ठाऊक.

एक 'डीएलएल दुरुस्त करणारं' सॉफ्टवेअरही घेऊन पाहिलं. त्याने चारेकशे चुका फुकट शोधल्या आणि दुरुस्तीचे पैसे मागितले. काढून टाकलं.

त्यानंतर विंडोजची स्वतःची हत्यारं. कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून आधी डिस्मचा रिस्टोअरहेल्थ, मग एसएफसी स्कॅननाऊ, म्हणजे विंडोजच्या बिघडलेल्या फाइल्स दुरुस्त करणाऱ्या दोन कमांड. क्रम हाच ठेवा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फाइल्स घेतं तो साठाच डिस्म नीट करतं, आणि त्यासाठी नेट चालू लागतं. डिस्म मध्येच एका आकड्यावर इतका वेळ अडून बसलं की मी चहा करून आलो. खिडकी बंद केली नाही हे बरं केलं. शेवटी एसएफसी म्हणालं, खराब फाइल्स सापडल्या, दुरुस्त केल्या. मी खूश. बिलिंग तसंच बंद.

इथे माझी ट्यूब पेटली. एसएफसी सांभाळतं ते विंडोजच्या स्वतःच्या फाइल्स. ही फाइल येते व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल नावाच्या संचातून, आणि तो संच बहुतेक वेळा सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलरच गुपचूप टाकत असतो. मी इन्स्टॉलर चालवलाच नव्हता, फोल्डर उचलून आणलं होतं. म्हणजे हरवलं काहीच नव्हतं, आलंच नव्हतं.

मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून संच घेतला. मशीन ६४ बिट म्हणून फक्त एक्स६४, म्हणजे ६४ बिटचा, टाकला. नाही चाललं. मग एक्स८६, म्हणजे ३२ बिटचा, टाकला, तरी नाही! कारण मी चिकटवलेली ती चुकीची फाइल अजून फोल्डरातच होती, आणि प्रोग्रॅम आधी स्वतःच्या फोल्डरात बघतो. ती उडवली आणि आईचा हिशेब उघडला. दोन्ही संच मिळून पन्नास एमबीसुद्धा नाहीत. माझा मात्र अख्खा रविवार गेला.

त्याला आठ महिने झाले. मधे विंडोजचे अपडेट आले-गेले, बिलिंगला धक्का नाही. पण पाचव्या महिन्यात दुसरीच कथा. बाबा सोसायटीचे सेक्रेटरी, इतिवृत्त एका जुन्या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये लिहितात. एके दिवशी त्यांना एमएसव्हीसीआर१००.डीएलएल सापडत नाही अशी खिडकी आली. चौकशी केल्यावर कळलं, "अरे, एकच नाव सात-आठ वेळा होतं इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमच्या यादीत, मी जुनी जुनी काढून टाकली. जागा होईल म्हणून." झालं! ते नाव रीडिस्ट्रिब्युटेबलचंच, आणि डीएलएलच्या नावातला आकडा त्याची आवृत्ती सांगतो. या संचात २०१५ पासून २०२२ पर्यंतचं सगळं एकाच १४० मध्ये येतं, पण त्याआधीचा प्रत्येक वेगळा: १०० म्हणजे २०१०, ११० म्हणजे २०१२, १२० म्हणजे २०१३. नवा टाकला म्हणून जुन्याचं काम भागत नाही. २०१० चा एक्स८६ टाकला, दहा मिनिटांत सुटलं.

डिस्म-एसएफसी या जोडीला माझे पाचपैकी तीन. काम प्रामाणिक, पण अहवालाची फाइल इतकी लांबलचक की नेमकं काय दुरुस्त झालं ते मला आजही कळलेलं नाही. रीडिस्ट्रिब्युटेबलला साडेचार, कुठला संच लागणार हे त्या एररच्या खिडकीतच लिहून आलं असतं तर पाच दिले असते. बाबांनी मात्र त्या यादीचा प्रिंट काढून कॉम्प्युटरच्या टेबलावर चिकटवलाय, वर लाल पेनने लिहिलंय: 'यांना हात लावू नये.'