कोलोसियमचं तळघर : तिकीट काढायचं तर हेच काढा

मी नाटकाचा बॅकस्टेजवाला. सेट लावणं, दोर ओढणं, अंधारात लेव्हल, म्हणजे स्टेजवरचे चौथरे, सरकवणं यात हयात गेली. त्यामुळे मुलीकडे इटलीला गेलो तेव्हा रोमच्या कोलोसियममध्ये, म्हणजे प्राचीन रोमन खेळांच्या उघड्या प्रेक्षागृहात, वरून खाली बघण्यापेक्षा मला खालून वर बघायचं होतं. साधं तिकीट 18 युरोंना होतं. रिंगण आणि तळघर धरून 24 ला पडलं. सहा युरो जास्त द्या, नाहीतर अर्धीच इमारत बघून परत याल.

आधी तिकिटाचं सांगतो, कारण तिथेच लोक अडकतात. तळघराच्या जागा मोजक्या असतात आणि भराभर संपतात, म्हणून अधिकृत साइटवर बरंच आधी लक्ष ठेवून बसावं लागतं. तिकिटावर नाव असतं आणि दारात पासपोर्टशी ताडून बघतात. बाहेर मेट्रो स्टेशनपाशी एक एजंट ‘अंडरग्राउंड पण आहे’ म्हणून पावती दाखवत होता. मुलीने ती नीट वाचली तर त्यात फक्त वरचे मजले होते. वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

आता तळघर. जिना उतरलं की विटांच्या उंच भिंती आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या अरुंद गल्ल्या. 2021 पासून इथे लाकडी पायवाट आहे, तिच्यावरून फिरवतात. आज डोक्यावर उघडं आकाश दिसतं, पण त्या काळी इथे लाकडी फळ्यांचं छत होतं आणि त्यावर वाळू पसरलेली. म्हणजे वर खेळ, खाली आम्ही.

सम्राट वेस्पासियनने सुरू केलेली ही इमारत त्याचा मुलगा टायटस याने इ.स. 80 मध्ये खुली केली, तेव्हा हे तळघर नव्हतंच. ते टायटसच्या धाकट्या भावाने, डोमिशियनने, बांधून घेतलं. उद्घाटनाचे खेळ 100 दिवस चालले. त्यात रिंगणात पाणी भरून नौकांची लढाई दाखवली, असं डिओ कॅसियस हा इतिहासकार लिहितो. खाली भिंती आणि यंत्रं आल्यावर ते पाणी कायमचं बंद झालं. पण त्या बदल्यात जे मिळालं ते बघून मी तिथेच खिळलो.

जुन्या पद्धतीने लाकडात बनवलेली एक लिफ्ट तिथे उभी आहे, 2015 मध्ये केलेली प्रतिकृती. आठ माणसं उभ्या खांबाचे दांडे धरून गोल ढकलत फिरायची, दोर गुंडाळला जायचा, पिंजरा चढायचा, वरची झडप उघडायची आणि बिबट्या एकदम वाळूवर प्रेक्षकांसमोर! हे खांब जिथे फिरायचे ती भोकं जमिनीत अजून दिसतात. मी खाली वाकून बघत राहिलो. दोन पिंजरे एकाच क्षणी वर काढायचे तर सोळा माणसांचं पाऊल एकत्र पडायला हवं. एक जण चुकला की एंट्री गेली. गाइडबाईंनी सम्राटांची नावं भरपूर सांगितली, या माणसांवर मात्र दोन वाक्यांत उरकलं. माझी मुख्य तक्रार हीच.

वरच्या छताचंही तसंच. उन्हासाठी कापडी छत ओढायचे, त्यासाठी माथ्यावर 240 खांब होते आणि दोर सांभाळायला मिसेनमच्या आरमारातले खलाशी आणलेले. दोरांचं काम दोर जाणणाऱ्यालाच द्यावं, हे त्यांना कळत होतं.

मग रिंगणावर नेतात. जुन्या पातळीवर थोडा भाग नव्याने झाकलाय, तिथे उभं राहायला मिळतं. गाइडबाईंचा हा भाग सर्वांत उत्तम. सिनेमात दाखवतात तशी ग्लॅडिएटरांची, म्हणजे रिंगणात लढणाऱ्या योद्ध्यांची, प्रत्येक लढत मरेपर्यंत चालत नसे. जोड्या ठरलेल्या : जाळं आणि त्रिशूळवाला रेटियारियस, त्याच्यासमोर गुळगुळीत शिरस्त्राणाचा सेक्युटर. मध्ये काठी घेतलेला पंच. उद्घाटनाच्या खेळांत प्रिस्कस आणि व्हेरस इतका वेळ बरोबरीत लढले की दोघांनी एकदमच हार मानली, आणि टायटसने दोघांनाही सुटकेची लाकडी तलवार दिली. कवी मार्शल याने ते लिहून ठेवलंय. दुसरा फ्लामा, सीरियातला सेक्युटर. सिसिलीतल्या त्याच्या थडग्यावर हिशेब कोरलाय : वय 30, लढती 34, विजय 21, बरोबरी 9, हरूनही जीवदान 4. तो दगड लावणारा डेलिकाटस हा त्याचाच जोडीदार होता. हे ऐकताना मला भरून आलं.

पण दुपारच्या वेळेबद्दल गाइडबाई पटकन पुढे गेल्या, ते मला पटलं नाही. सकाळी जनावरांच्या शिकारी, दुपारी शिक्षा झालेल्यांना मारणं, मग ग्लॅडिएटर, असा दिवसाचा क्रम असे. कोलोसियम उभं राहण्याआधीच सेनेका या रोमन तत्त्वज्ञाने असा दुपारचा खेळ बघून हा निव्वळ खून आहे असं लिहिलं होतं. त्या लिफ्ट ओढणाऱ्यांनी वर काय पाठवलं, हेही पर्यटकांना थांबून सांगायला हवं.

सफर साधारण सव्वा तासाची, इंग्रजीत. पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर आधी लिफ्टची चौकशी करा, म्हणजे आजच्या. पाणी सोबत ठेवा, रिंगणावर सावली नाही.

बाहेर पडलात की पूर्वेकडे रस्ता ओलांडा. तिथे रस्त्याच्या पातळीखाली लुडस मॅग्नस आहे, ग्लॅडिएटरांची तालीम. सरावाच्या रिंगणाचा अर्धा भाग कठड्यावरून फुकट दिसतो, उरलेला आजच्या इमारतींखाली गेलाय. इथून थेट कोलोसियमच्या तळघरात बोगदा जात असे. तळघरात असतानाच गाइडला त्याचं तोंड दाखवायला सांगा.