मध्यकर्णातील ग्लोमस गाठीवरील उपचार : पुण्यातील एका विभागाचा अनुभव

माझ्या आईच्या डाव्या कानात गेल्या वर्षी सतत ‘धकधक’ असा आवाज येऊ लागला आणि त्या कानाने ऐकूही कमी येऊ लागले. घराजवळच्या दवाखान्यात चार महिने केवळ थेंब आणि ‘वयोमानाने होते’ हे उत्तर मिळाले. अखेर आम्ही पुण्यातील एका मोठ्या रुग्णालयाच्या कान-नाक-घसा विभागात गेलो.

तेथील डॉक्टरांनी आईचे मनगट धरून सांगितले, “काकू, कानात ठोका पडेल तसे टेबलावर बोट वाजवा.” बोट आणि नाडी तंतोतंत जुळली. दुर्बिणीतून पाहिल्यावर कानाच्या पडद्यामागे लालसर गोळा दिसला, तो त्यांनी मलाही दाखवला. तुकडा काढून तपासणार का, असे मी विचारले, तेव्हा ते ठामपणे नाही म्हणाले. हा गोळा म्हणजे ग्लोमस गाठ; ती रक्तवाहिन्यांनी भरलेली असते आणि पडद्यातून तुकडा घेतल्यास रक्तस्राव आवरणे अवघड होते. या संयमासाठीच मी या विभागाला सर्वाधिक गुण देईन.

कानामागच्या हाडाचा सीटी स्कॅन आणि एमआरआय हे दोन्ही का हवेत, हेही त्यांनी समजावले. मानेकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेवरचे पातळ हाड सीटीत शाबूत दिसले, म्हणजे गाठ त्या शिरेपासून निघालेली ‘ग्लोमस जुगुलेर’ नसून मध्यकर्णापुरतीच असलेली ‘ग्लोमस टिम्पॅनिकम’ आहे, हे स्पष्ट झाले. अशा काही थोड्या गाठी रक्तदाब वाढवणारी द्रव्ये सोडतात, म्हणून भूल देण्यापूर्वी 24 तासांची लघवीही तपासली. शस्त्रक्रिया कानाच्या छिद्रातूनच झाली. शुद्धीवर येताच आईला डोळे घट्ट मिटून दात दाखवायला सांगितले, कारण चेहऱ्याची नस मध्यकर्णातूनच जाते.

एमआरआयसाठी दोन आठवडे थांबावे लागले, ते एक वेळ सोसले. परंतु चवीची बारीक नसही पडद्यामागूनच जाते आणि तिला ताण बसल्यास जिभेची चव बदलते, हे शस्त्रक्रियेपूर्वी कोणीही सांगितले नाही. चहा लोखंडासारखा लागतो म्हणून आई आठवडाभर घाबरलेली होती. संमतिपत्रावर सही घेताना ही गोष्ट मराठीतून सांगणे आवश्यक आहे. चव दीड महिन्यात पूर्ववत झाली. धकधक मात्र पट्टी काढली त्याच दिवशी थांबलेली होती, आणि आई त्या रात्री कितीतरी महिन्यांनी डाव्या कुशीवर झोपली.