दोन लिटरचा कुकर आणि इंडक्शन: आठ महिने वापरल्यावर

दादर पूर्वेला पेइंग गेस्ट म्हणून राहते. खोलीत गॅस चालणार नाही, ही काकूंची पहिली अट. इंडक्शनला मात्र त्या लगेच हो म्हणाल्या. जुलैत कॉलेज सुरू झालं तेव्हाचे पहिले तीन आठवडे मी वडापाव, फ्रँकी आणि बाहेरच्या डब्यावर काढले. डब्यात भाजीवर तेलाचा तवंग आणि डाळ अगदी पातळ. दुपारच्या प्रॅक्टिकलला उभं राहवेना, तेव्हा ठरवलं की निदान एक वेळचं जेवण आपणच करायचं.

आईने घरचा अॅल्युमिनियमचा कुकर दिला होता, पण तो इंडक्शनवर तापलाच नाही. भांडं घेताना फ्रिजवरचं चुंबक सोबत न्या. बुडाला घट्ट चिकटलं तरच घ्या. मी स्टीलचा, दोन लिटरचा घेतला. आईचं म्हणणं होतं, "अगं, तीनचा घे, कुणी आलं तर?" पण एकट्या माणसाला दोनच बरोबर. मोठ्या कुकरात अर्धी वाटी डाळ तळाशी पसरते, करपते, आणि घासायला छोट्या बेसिनमध्ये तो कुकर मावत नाही.

एक चूक आधीच सांगते, कारण ती धोक्याची आहे. इंडक्शन २००० वॅटचं आणि मी प्लग लावला टेबलाजवळच्या साध्या ६ अँपियरच्या पॉइंटला. तिसऱ्या दिवशी जळका वास आला, सॉकेट काळं पडलं होतं. ६ अँपियरच्या पॉइंटवर १३०० वॅटच्या वर जाऊच नये. इलेक्ट्रिशियनने गीझरसारखा १६ अँपियरचा पॉइंट काढून दिला, त्यानंतर त्रास नाही. विजेची काळजी असेल तर १२०० वॅटवर २५ मिनिटं म्हणजे अर्धा युनिट. काकूंना हा हिशोब दाखवला होता.

आठवड्यातून चार वेळा तरी खिचडीच होते. अर्धी वाटी तांदूळ, अर्धी वाटी मूगडाळ, धुऊन बाजूला. कुकरातच चमचाभर तेल, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेल्या चार लसूण पाकळ्या. लसणाच्या कडा तांबूस झाल्या की हळद, मग मूठभर चिरलेला पालक, डाळ-तांदूळ, मीठ, तीन वाट्या पाणी. पहिली शिट्टी १२०० वर, मग ८०० वर अजून दोन. नंतर इंडक्शन बंद. वाफ आपोआप जिरायला दहा मिनिटं लागतात, तेवढ्यात माझी अंघोळ होते. झाकण काढल्यावर वरून लिंबू पिळायचंच. पालकातलं लोह त्याने अंगी लागतं, आणि त्यासाठीच जेवणावर लगेच चहा घेणं मी सोडलं. एवढी मूगडाळ साधारण ६० ग्रॅम भरते, म्हणजे १४ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. डाळीत जे कमी ते भातात असतं आणि भातात जे कमी ते डाळीत, म्हणून जोडी मोडू नये.

तूरडाळ मात्र या कुकरात जपून. फेस शिट्टीतून बाहेर येतो, इंडक्शनची काच पिवळी होते. पाण्यासकट कुकर एक तृतीयांशाच्या वर भरला नाही आणि थेंबभर तेल टाकलं की जमतं.

मोड आणायला मुंबईची हवा चांगली, पण पावसाळ्यात घात करते. मूग रात्री भिजवायचे, सकाळी उपसून रुमालात बांधायचे, ऑक्टोबरात संध्याकाळी कॉलेजातून येईपर्यंत मोड दिसायचे. ऑगस्टमध्ये मात्र दोनदा तार सुटली, वास आला, टाकून द्यावे लागले. तेव्हापासून घट्ट गाठोडं बांधत नाही. चाळणीत पसरते, वर ओला रुमाल, आणि मधे एकदा धुते. उसळीला एकच शिट्टी पुरते. मटकीचा तर दोन शिट्ट्यांत लगदा होतो.

रविवारी सकाळी दादर स्टेशनच्या पश्चिमेला भाजी घेते: एक जुडी मेथी किंवा माठ, पाव किलो गाजर, लिंबं. जुडी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळून ठेवली की काकूंच्या फ्रिजमध्ये बुधवारपर्यंत टिकते. परीक्षेच्या दिवसांत तेही जमत नाही, मग रात्री नाचणीचं पीठ ताकात कालवून ठेवायचं, सकाळी पाणी घालून पाच मिनिटं शिजवायचं. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, आणि पोट जड होत नाही.

पोळ्यांचा नाद मी सोडला. इंडक्शनवर तवा मधल्या गोलापुरताच तापतो, कडा कच्च्या राहतात. कोपऱ्यावरच्या पोळीभाजी केंद्रातून तीन पोळ्या आणते, भाजी घरची.

इंडक्शनचा पंखा बंद केल्यावरही दोन-तीन मिनिटं फिरतो, तोवर प्लग काढू नका. कमी वॅटवर ते चालू-बंद होत राहतं, त्यामुळे दूध ४०० वर ठेवून वळलात तरी उतू जाऊ शकतं. कुकरची रबरी रिंग सहाव्या महिन्यात कडक झाली, कडेने वाफ जायला लागली. आता धुऊन झाल्यावर रिंग काढून वेगळी वाळवते आणि झाकण उलटं ठेवते. नवी रिंग घ्यायला जाल तेव्हा जुनी सोबत न्या, दोन लिटरची म्हणून सांगितलं तरी माप थोडं इकडेतिकडे असतं.