हाय-फायसाठी डिजिटल केबल: कोअ‍ॅक्शियल की ऑप्टिकल?

टीव्ही किंवा सीडी प्लेयर डीएसीला (डिजिटल सिग्नलचा अ‍ॅनालॉग सिग्नल करणाऱ्या यंत्राला) जोडायची केबल घेताना जाड वेष्टन आणि सोनेरी पिना बघून पैसे घालू नका. कोअ‍ॅक्शियलमध्ये, म्हणजे तारेतून विजेचा सिग्नल नेणाऱ्या केबलमध्ये, बघायचं ते ७५ ओहम इम्पिडन्स (सिग्नलला होणारा विद्युत अडथळा). साधी लाल-पांढरी ऑडिओ केबल त्याच जॅकमध्ये बसते, आवाजही येतो. पण तिचा इम्पिडन्स ठरलेला नसतो. सिग्नल टोकावरून परततो आणि लांबी वाढली की १९२ किलोहर्ट्झच्या (सेकंदाला १,९२,००० नमुने असलेल्या) फाइलवर आवाज तुटू शकतो. त्यापेक्षा डिशची आरजी-६ वायर बरी, ती ७५ ओहमचीच असते. दीड मीटरचा तुकडा घ्या, दोन्ही टोकांना आरसीए प्लग (लाल-पांढऱ्या केबलला असतो तसा) बसवा आणि बाहेरची जाळी मधल्या तारेला शिवत नाही ना, हे मल्टिमीटरने तपासा. महागड्या केबलइतकंच चोख काम होतं.

सेट-टॉप बॉक्स जोडल्यावर स्पीकरमधून घुंऽऽ असा आवाज येत असेल तर बहुधा ग्राउंड लूप (जोडलेल्या उपकरणांच्या अर्थिंगमधून फिरणारा नको तो प्रवाह) आहे. तिथे ऑप्टिकलच घ्या, कारण तिच्यातून वीज नाही, प्रकाश जातो. लातूर-बीडकडच्या कोरड्या उन्हाळ्यात जमिनीतली ओल गेली की अर्थिंगही कमजोर पडतं. अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालत राहा, ते केबलने सुटणारं दुखणं नाही.

ऑप्टिकल ९६ किलोहर्ट्झपर्यंत भरवशाची. टोकावरची पारदर्शक टोपी काढायची राहिली तर प्लग बसतच नाही. कपाटामागे ती काटकोनात मुडपू नका, आतला प्लास्टिकचा तंतू कायमचा बिघडतो. आणि रिकाम्या जॅकला टोपी लावाच. आपल्याकडची धूळ आत बसली की प्रकाश अडतो.